दप्तरांच्या छायाप्रती व संगणकांतील डिस्कचे बिघाड

भोर व वेल्हे या दोन तालुक्यांतील घराण्यांच्या दप्तरांकडे इतिहाससंशोधकांचें लक्ष लागून आज शंभरांहून अधिक वर्षें झालीं. रोहिडखोरें, हिरडस मावळ, वेळवंडखोरें, गुंजण मावळ, कानदखोरें हीं नांवें ज्यांच्या वाचनांत नित्य येतात, त्यांस येथील देशमुख-देशपांड्यांच्या घरीं काय सांपडूं शकतें हें निराळें सांगणें नलगे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें १९१६ सालीं प्रसिद्ध केली, आणि शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद अगदीं नव्या पायावर उभा राहिला. (वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्यास राज्याच्या मंत्रिमंडळानें २०२४ सालीं मान्यता दिली आहे; लोकांच्या तोंडीं बसलेलें जुनें नांवच आम्ही येथें ठेवितों.) ती शकावली छापली गेली नसती, तर मावळांतल्या एका घराच्या माळ्यावर तिचें जें कांहीं व्हावयाचें तें झालें असतें. छापली गेल्यामुळें तिच्या शेंकडों प्रती शेंकडों घरीं गेल्या, व मूळ कागदावर उद्यां कांहीं संकट आलें तरी मजकूर बुडण्याचें भय उरलें नाहीं.

आजचा संग्राहक मोडी बाडाची हातानें नक्कल करीत बसत नाहीं. तो कागदांचीं छायाचित्रें घेतो, संगणकांत सांठवितो, आणि मूळ रुमाल ज्याचा त्यास परत करितो. या पद्धतीनें कामाचा उरक किती वाढला हें एका हिशेबानें दिसेल. फुलस्केपपेक्षां थोडा लहान असा एक कागद इंचास ३०० बिंदू या प्रमाणानें, पूर्ण रंगांत व कांहीं न गाळतां सांठविला, तर त्यास सुमारें २६ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे एक टेराबाइटच्या, तळहाताएवढ्या डिस्कमध्यें सुमारें ३८ हजार पानें मावतात. मोठ्यांतल्या मोठ्या वतनदार घराण्याचें दप्तर एवढ्यांत बसून वर जागा उरेल. परंतु याचीच दुसरी बाजू अशी कीं, ३८ हजार पानें एका क्षणांत जाण्याची सोयही त्याच तळहाताएवढ्या पेटीनें करून ठेविली आहे. परत केलेला रुमाल माळ्यावर जातो. तेथें वाळवी आहे, उंदीर आहेत, आणि वेल्ह्याचा पाऊस तर सर्वांस ठाऊकच आहे. दहा वर्षांनीं मूळ कागद नष्ट झाला, तर त्या दिवसापासून डिस्कमधली छायाप्रत हीच मूळ प्रत ठरते. ती एकाच ठिकाणीं असेल, तर तिची योग्यता छापलेल्या शकावलीची नव्हे, न छापलेल्या शकावलीची समजावी.

अशी डिस्क ज्या संगणकांत आहे तो एके दिवशीं सुरू होत नाहीं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत, सुरू होण्याजोगें कांहीं सांपडत नाहीं, अशा अर्थाची एक ओळ येते. मालक घाबरतो व यंत्र उचलून दुरुस्तीच्या दुकानीं नेतो. दुकानदारास यंत्र चालूं करून द्यावयाचें असतें. त्याच्या दृष्टीनें सर्वांत सोपा उपाय म्हणजे डिस्क पुसून तीवर सर्व नव्यानें बसविणें. तो तसें करितो, यंत्र चालूं लागतें, आणि दप्तर जातें. वस्तुतः दप्तरास कांहींच झालेलें नव्हतें. हा अनर्थ एका गैरसमजुतीमुळें होतो, आणि ती दूर करणें हाच या लेखाचा उद्देश आहे. संगणक सुरू न होणें हा एक रोग, व डिस्कवरील मजकूर नष्ट होणें हा अगदीं निराळा. दोहोंचा कधीं संबंध असतो, पुष्कळदां नसतो. कोणता प्रकार आहे हें ठरेपर्यंत त्या डिस्कवर एक अक्षरही नवें लिहिलें जाऊं देतां कामा नये.

हें नीट समजण्यास संगणक जागा कसा होतो तें पाहिलें पाहिजे. बटण दाबल्याबरोबर प्रथम जागी होते ती डिस्क नव्हे. मदरबोर्ड म्हणून जी मुख्य पाटी असते, तिच्यावर एका लहानशा चिपमध्यें एक आज्ञावली कायमची बसविलेली असते. जुन्या यंत्रांत तीस बायॉस म्हणत, अलीकडच्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. ही आज्ञावली यंत्राचे अवयव तपासते, जोडलेल्या डिस्कांची हजेरी घेते, आणि ठरवून दिलेल्या क्रमानें एकेका डिस्कला विचारते कीं, पुढचा कारभार चालविणारें कोणी तुझ्यापाशीं आहे काय. जुन्या पद्धतींत या प्रश्नाचें उत्तर डिस्कच्या अगदीं पहिल्या कप्प्यांत असतें. हा कप्पा ५१२ बाइटांचा. त्यांत ४४६ बाइट आरंभींच्या आज्ञांचे, ६४ बाइट डिस्कचे भाग कोठें सुरू होतात व किती लांब आहेत त्याच्या यादीचे, व शेवटचे दोन बाइट केवळ खुणेचे असतात. ही खूण जागेवर नसेल तर बायॉस वरील ५१० बाइटांकडे ढुंकूनही पाहत नाहीं. आमच्या वाचकांस ही रीत नवी वाटूं नये. पत्राच्या अखेरीस 'मोर्तब सुद' नसेल तर जाणता कारकून जसा थबकावा, तसाच हा प्रकार आहे. भेद इतकाच कीं, कारकून विचार करूं शकतो, बायॉस करूं शकत नाहीं. नव्या पद्धतींत, जीस जीपीटी म्हणतात, ही यादी अधिक विस्तृत असून तिची दुसरी नक्कल डिस्कच्या दुसऱ्या टोकास ठेविलेली असते. ही योजना आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

यावरून उघड आहे कीं, त्या पहिल्या कप्प्यांतील दोन बाइट बिघडले तरी संगणक सुरू होणार नाहीं, आणि पुढचीं ३८ हजार पानें मात्र जशींच्या तशीं असतील. फेरिस्तीचें पहिलें पान फाटलें म्हणून रुमाल जळाले असें कोणी म्हणत नाहीं.

तेव्हां पहिला प्रश्न हा कीं, बायॉसच्या हजेरींत डिस्कचें नांव येतें कीं नाहीं. यंत्र सुरू करतांना एफ२, एफ१० किंवा डिलीट यांपैकीं कंपनीनें ठरविलेली कळ दाबली म्हणजे ती हजेरी दिसते. नांव येत असेल व आंकारही बरोबर दाखविला जात असेल, तर पुष्कळशी भीति तेथेंच टाकून द्यावी. मग क्षुल्लक कारणें शोधावीं. मागल्या बाजूस एखादा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क खोंचलेली राहिली असेल, तर यंत्र कधींकधीं तिच्यावरूनच जागें होऊं पाहतें व अडकतें. ती काढतांच सर्व सुरळीत होतें. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक बॅटरी असते, सीआर२०३२ या नांवाची, बाजारांत कोठेंही मिळणारी. जुन्या यंत्रांत ती संपली कीं, घड्याळ अनेक वर्षें मागें जातें आणि त्याबरोबर डिस्कांचा क्रम व डिस्कशीं बोलण्याची पद्धत या दोन्ही नोंदी कारखान्यांतून निघतांना होत्या तशा होतात. पूर्वीं एका पद्धतीनें बसविलेली विंडोज दुसऱ्या पद्धतीनें जागी होत नाहीं. ज्यास हें ठाऊक नाहीं तो डिस्कला दोष देतो. म्हणून सुरू न होणाऱ्या यंत्राची तारीख अवश्य पाहावी. आमच्या मतें हें निदानाचें सर्वांत स्वस्त साधन आहे. कागदावरील तारखेवरून कागदाचा खोटेपणा ओळखणाऱ्या मंडळींस तें शिकविण्याची गरज नाहीं.

नवी आज्ञावली बसविली जात असतां वीज गेली, तर कारभार चालविणाऱ्या फाईली अर्धवट राहतात. हाही रोग दप्तराचा नव्हे. अशा वेळीं लिनक्स या मोफत मिळणाऱ्या आज्ञावलीचा पेनड्राइव्ह करून घ्यावा व त्यावरून यंत्र जागें करावें. मूळ डिस्कला कारभाराचें काम न सांगतां केवळ वाचावयास घेतां येतें, आणि दप्तर शाबूत आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं दिसतें. दिसलें कीं प्रथम तें दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावें. विंडोजची दुरुस्ती मागाहून होत राहील.

येथें एक अडथळा येऊं शकतो, तो आधींच सांगून ठेवितों. अलीकडच्या अनेक संगणकांत, विशेषतः विंडोज ११ च्या, डिस्कवरील सर्व मजकूर आपोआप सांकेतिक स्वरूपांत लिहिला जातो. मालकास याची दादही नसते. रोजच्या वापरांत कुलूप यंत्र स्वतःच उघडतें; परंतु मदरबोर्ड बदलला, कांहीं नोंदी फिरल्या किंवा डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास लावली, कीं तें ४८ अंकांची किल्ली मागतें. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत असते. तेथें नसेल आणि कागदावरही लिहिलेली नसेल, तर डिस्क पूर्ण निरोगी असूनही तिच्यांतलें एक पान कोणास वाचतां येणार नाहीं. येथें कोणत्याही कारागिराचा इलाज चालत नाहीं. सांकेतिक लिपींतल्या पत्राची किल्ली हरवल्यावर तर्कानें ती लावणारे विद्वान आमच्यांत झाले आहेत, पण हें सांकेतिक त्या जातीचें नव्हे. म्हणून ज्याच्यापाशीं असा संगणक आहे त्यानें ती किल्ली आजच शाईनें कागदावर उतरून दप्तराच्या यादीबरोबर ठेवावी.

आतां दुसरा पक्ष. हजेरींत डिस्कचें नांवच येत नाहीं, किंवा भलतेंच येतें. येथेंही आरंभ स्वस्त कारणांपासून करावा. डिस्कला दोन जोड असतात, एक विजेचा व एक मजकुराचा. दोन्ही काढून घट्ट बसवावे व केबल बदलून पाहावी. बाहेरच्या डिस्कांच्या डबींत मूळ डिस्क व यूएसबी यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करणारी एक पाटी असते, व पुष्कळदां तीच मरते. कांहीं डब्यांत डिस्क मोकळी काढून सरळ संगणकास लावतां येते. कांहींत तो दुभाषी मजकूर सांकेतिक करून लिहीत असतो. तेथें डबी फेंकून दिली तर भाषाही गेली. म्हणून बिघडलेली डबी कधीं टाकूं नये.

यानें काम भागलें नाहीं तर कान लावावा. ज्यांत तबकड्या फिरतात त्या जातीच्या डिस्कची रचना थोडक्यांत अशी. आंत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० वेळां फिरत असतात. त्यांवर एका भुजेच्या टोकास बसविलेलीं, हेड या नांवाचीं, वाचणारीं-लिहिणारीं डोकीं हवेच्या पातळ थरावर तरंगतात. तबकडी व डोकें यांतलें अंतर अवघे कांहीं नॅनोमीटर असतें. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखांवा भाग. जुन्नरी कागदावरील शाईचा थर त्या अंतरापुढें डोंगरासारखा. आय.बी.एम. कंपनीनें १९५६ सालीं या जातीचें पहिलें यंत्र विक्रीस आणलें, तेव्हां त्यांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व सर्व मिळून सुमारें ५० लाख अक्षरें मावत. आज आमच्या वर सांगितलेल्या हिशेबांतलें एक पानही त्यांत बसणार नाहीं. अंतर जितकें कमी होत गेलें तितका मजकूर अधिक मावूं लागला, आणि तितकाच अपघातही स्वस्त झाला.

आवाजांचा अर्थ असा. तबकडी फिरण्याचा मंद घरघराट येतो व नंतर एका लयींत टक् टक् ऐकूं येतें, तेव्हां डोकें आपली जागा शोधीत आहे व त्यास ती सांपडत नाहीं असें समजावें. घरघराट नाहीं, नुसता बारीक गुणगुणाट येतो, तेव्हां डोकें तबकडीस चिकटलें असेल किंवा फिरविणारी मोटर अडली असेल. या दोन्ही प्रसंगीं वीज तत्काळ तोडावी. पुन्हां पुन्हां चालूं करून पाहण्याचा मोह अनावर होतो, पण प्रत्येक प्रयत्नास तबकडीवरील चुंबकीय लेप खरवडला जाऊं शकतो, व खरवडलेला लेप म्हणजे मजकूरच. अशी डिस्क धूळरहित खोलींत उघडून काम करणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी. कांहीं घरगुती उपाय सांगोवांगी चालत आले आहेत. डिस्क बर्फाच्या कप्प्यांत ठेवावी असें सांगणारे अजून भेटतात. थंड केलेल्या डिस्कवर बाहेर येतांच दंव धरतें, आणि मावळच्या दमट हवेंत तर तें विशेष धरणार. तबकडीवर पाण्याचा थेंब व वर तरंगणारें डोकें यांची भेट काय परिणाम करील हें सांगावयास नको. दुसरा उपाय, त्याच जातीच्या डिस्कची हिरवी पाटी काढून लावणें. जुन्या काळीं तो साधत असे. परंतु अलीकडे प्रत्येक डिस्कची खास मापें तिच्याच पाटीवरील चिपमध्यें लिहिलेली असतात, म्हणून ती चिप उचलून नव्या पाटीवर बसविल्याखेरीज पाटी बदलून उपयोग नाहीं.

डिस्क हजेरींतून नाहींशी झाली म्हणजे ती आंतून मेलीच असें मात्र नव्हे. सीगेट कंपनीच्या बॅराक्युडा ७२००.११ या जातीच्या डिस्कांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. २००८ च्या अखेरीस व २००९ च्या आरंभीं या डिस्का काल संध्याकाळपर्यंत उत्तम चालून आज सकाळीं एकाएकीं अदृश्य होऊं लागल्या. शोधाअंतीं असें निघालें कीं, डिस्क आपल्या आंत एक रोजनिशी ठेविते. तीमधील नोंदींची संख्या ठराविक आंकड्यावर आली असतां वीज चालूं झाली, तर डिस्कच्या स्वतःच्या आज्ञावलींतील चुकीमुळें ती जागच्या जागीं थिजत असे. तबकड्या निरोगी, डोकीं निरोगी, मजकूर सर्व शाबूत, केवळ द्वारपाल झोंपलेला. कंपनीनें सुधारलेली आज्ञावली दिली व थिजलेल्या डिस्कांतील मजकूर विनामूल्य काढून देण्याचीही तजवीज केली. तत्पूर्वीं ज्यांनीं ती डिस्क मेली म्हणून फेंकली त्यांचा मजकूर त्यांच्या निराशेमुळें गेला, बिघाडामुळें नव्हे.

डिस्क स्वतःविषयीं जे टिपण ठेविते त्यास स्मार्ट असें नांव आहे, व तें वाचण्याच्या आज्ञावल्या फुकट मिळतात. त्यांतील चार कलमें संग्राहकानें ओळखावीं. ५ वें कलम, खराब ठरवून बदललेले कप्पे. १९७ वें, वाचतां न आल्यामुळें निर्णयावांचून पडलेले कप्पे. १९८ वें, वाचतांच न येणारे. आणि १९९ वें, येण्याजाण्यांत झालेल्या चुका, जी बहुधा केबलची तक्रार असते. पहिल्या तिहींपैकीं कोठेंही शून्याऐवजीं आंकडा दिसला व तो वाढत असला, कीं त्याच दिवशीं नक्कल करावी. गूगल कंपनीच्या तिघा संशोधकांनीं २००७ सालीं एक लाखाहून अधिक डिस्कांच्या अनुभवावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, तपासणींत पहिली चूक दिसल्यापासून ६० दिवसांत ती डिस्क मरण्याचा संभव निर्दोष डिस्कपेक्षां ३९ पट अधिक असतो. परंतु त्याच निबंधांत हेंही आहे कीं, मेलेल्या डिस्कांपैकीं ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनीं मरण्यापूर्वीं यांपैकीं एकही सूचना दिली नव्हती. तेव्हां स्मार्टनें वाईट सांगितलें तर त्यावर विश्वास ठेवावा. चांगलें सांगितलें तर ठेवूं नये.

आतां मुख्य कृत्य. डिस्क हजेरीस आहे, मोठा आवाज नाहीं, पण फाईली उघडत नाहींत, यंत्र अडखळतें, किंवा डिस्क जोडतांच विंडोज विचारते कीं, वापरण्यापूर्वीं ही फॉरमॅट करावी काय. या प्रश्नास 'नाहीं' याखेरीज दुसरें उत्तर देऊं नये. चेक-डिस्क नांवाची जी दुरुस्तीची आज्ञावली विंडोजबरोबर येते तीही या वेळीं चालवूं नये. ती यादीचा व कप्प्यांचा मेळ घालते, पण मेळ बसत नसेल तेथें फाईलींची नोंद कापून टाकण्यास मागेंपुढें पाहत नाहीं. आणि तें सर्व मूळ डिस्कवरच. आमच्या शास्त्रांत याहून मोठें पाप नाहीं. कसर लागलेलें बाड हातीं आलें म्हणजे आपण काय करितों? प्रथम जसें आहे तसें उतरून घेतों. जेथें भोंक आहे तेथें टिंबें देतों. आणि तर्क, शुद्धि, पाठभेद सर्व त्या नकलेवर चालवितों. मूळ बाडावर बोरूनें अक्षरें भरणाऱ्या नकलाकारास आपण दाराशींही उभें करणार नाहीं. डिस्कचा न्याय हाच.

ही यथामूल प्रत घेण्यास जीएनयू डीडीरेस्क्यू नांवाची आज्ञावली आहे. अंतोनियो दियाझ यांनीं २००४ पासून ती मोफत दिली आहे. ती फाईलींकडे पाहतच नाहीं. डिस्कचे कप्पे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकामागून एक दुसऱ्या, निदान तेवढ्याच मोठ्या डिस्कवर उतरविते. तिची हातोटी अशी कीं, जो भाग सुखानें वाचतां येतो तो प्रथम उरकून घ्यावयाचा, जेथें अडलें तेथून उडी मारून पुढें जावयाचें, आणि सर्व निरोगी भाग हातीं आल्यावर मग भोंकांकडे वळावयाचें. मरणोन्मुख डिस्कचा एकेक तास मोलाचा असल्यामुळें हा क्रम फार महत्त्वाचा आहे. कोठपर्यंत झालें, काय राहिलें, याची याद ती एका स्वतंत्र फाईलींत लिहीत जाते. ही फाईल दिली कीं, मध्यें वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावें लागत नाहीं. निरोगी एक टेराबाइटची प्रत सेकंदास १०० मेगाबाइट या वेगानेंही पावणेतीन तासांची आहे, व आजारी डिस्कला दिवसही लागतात. पावसाळ्यांत डोंगराआडच्या गांवीं बसून हें काम करणाऱ्यास त्या यादेची किंमत कळेल. एकच सावधगिरी: कोणती डिस्क मूळ व कोणती रिकामी हें दोनदां ताडून पाहावें. उलट सांगितलें तर रिकामी डिस्क दप्तरावर उतरेल.

प्रत झाली म्हणजे मूळ बाजूस ठेवून द्यावी आणि पुढचे प्रयोग प्रतीवर करावे. भागांची यादी बिघडली असेल तर टेस्टडिस्क नांवाची आज्ञावली ती पुन्हां लावून देते. फेरिस्तच साफ गेली असेल तर त्याच ग्रंथकाराची फोटोरेक ही आज्ञावली प्रत्येक कप्पा चाळून छायाचित्राच्या आरंभाची खूण शोधते आणि मिळतील तितकीं चित्रें बाहेर काढते. परंतु तीं निनांवी येतात. 'रुमाल १२' नांवाच्या फोल्डरमध्यें होतीं कीं 'रुमाल ४०' मध्यें, हें कोणास सांगतां येत नाहीं. रुमाल सुटून चौकभर उडालेल्या कागदांसारखी त्यांची अवस्था होते. याचा उपाय छायाचित्र घेतांनाच करावयाचा असतो. प्रत्येक कागदाच्या कडेस, चित्रांत येईल अशी, घराण्याचें नांव, रुमाल, पुडकें व कागद यांचे अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. फाईलीचें नांव जाईल, फोल्डर जाईल; चित्रांतली चिठ्ठी चित्राबरोबर राहील. यास खर्च कागदाच्या कपट्याचा. आम्हांस तर या एका चिठ्ठीपुढें महागड्या डिस्का फिक्या वाटतात.

ज्यांत कांहींच फिरत नाहीं अशा नव्या डिस्का, म्हणजे एसएसडी, यांविषयीं थोडेंसें. संगणक लौकर जागा होतो म्हणून त्या सर्वत्र आल्या आहेत, व त्या कामास उत्तमच आहेत. परंतु त्या मरतात तेव्हां टक् टक् न करतां मुकाट्यानें मरतात. आणि चुकून पुसलेला मजकूर त्यांत बहुधा परत मिळत नाहीं, कारण मोकळे झालेले कप्पे डिस्क स्वतःच झाडून टाकते. शिवाय त्यांतील मजकूर विजेच्या सूक्ष्म भारावर टिकून असतो व तो भार हळूहळू झिरपतो. या धंद्यांतील मान्य मानकाप्रमाणें, घरगुती एसएसडीनें आपलें ठरलेलें लेखन पुरें केल्यावर ३० अंश उष्णतेंत विजेवांचून एक वर्ष मजकूर टिकविला कीं ती उत्तीर्ण. नव्या डिस्कचा टिकाऊपणा याहून पुष्कळ अधिक असतो हें खरें. तरी दप्तर एसएसडीवर घालून कपाटांत ठेवावें व दहा वर्षें विसरावें, ही रीत आम्हांस मान्य नाहीं. कपाटासाठीं फिरत्या तबकडीची डिस्कच अजून बरी.

वेल्ह्याकडे काम करणाऱ्यांस प्रवासाची एक शंका पडते, ती ही कीं डोंगरावरील विरळ हवेंत डोकें तरंगेल काय. तोरणा समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर उंच आहे, आणि सामान्य डिस्का सुमारें ३,००० मीटरपर्यंत चालाव्या म्हणून बनविलेल्या असतात. तेव्हां उंचीची चिंता नको. चिंता हादऱ्याची व दमटपणाची करावी. चालूं स्थितींतली डिस्क पिशवींत टाकून घाटांतून दुचाकीवर नेणें घातक. बंद केलेली डिस्क तेवढाच हादरा सहज सोसते, कारण तेव्हां डोकें तबकडीवरून बाजूस घेतलेलें असतें. गार जागेंतून दमट जागेंत आणलेली डिस्क घडीभर तशीच ठेवून मग जोडावी. विजेचा दाब खालींवर होणाऱ्या गांवीं मध्यें यूपीएस असल्याखेरीज मजकूर उतरवीत बसूं नये.

प्रतींचा हिशेब असा धरावा: निदान तीन प्रती, त्यांपैकीं एक निराळ्या जातीच्या साधनावर, व एक निराळ्या गांवीं. एकाच पेटींत दोन डिस्का आरशासारख्या चालविणें ही एका डिस्कच्या मरणावरची सोय आहे, दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेलें दोहोंवरून पुसलें जातें, आणि वीज कडाडली तर दोन्ही एकदम जातात. भोर-वेल्ह्याच्या दप्तरांची एक प्रत मूळ मालकाच्या घरीं, एक संग्राहकापाशीं व एक पुण्यास एखाद्या संस्थेंत असावी. मालकास प्रत दिल्यानें त्याचा विश्वास वाढतो व दुसरा माळा उघडतो, हा लाभ निराळाच. प्रत्येक प्रतीबरोबर सर्व फाईलींची यादी आणि प्रत्येकीची एसएचए-२५६ या रीतीनें काढलेली ६४ अक्षरांची खूण ठेवावी. चित्रांतला एक ठिपका बदलला तरी ती खूण सर्वस्वीं बदलते. त्यामुळें प्रत शाबूत आहे कीं न कळत सडली हें चित्र न उघडतां ठरतें.

हें ताडण्यास वर्षांतून एक दिवस नेमून घ्यावा. पाऊस सरून हवा कोरडी झालेली असते आणि घरोघर हत्यारें-अवजारें काढून पुसलीं जातात, म्हणून खंडेनवमी या कामास सोयीची. त्या दिवशीं तिन्ही प्रती जोडाव्या, खुणा पडताळाव्या, एखादें बाड उघडून वाचून पाहावें, आणि डिस्कवर चिकटविलेल्या कागदावर तिथि, स्मार्टचीं तीन कलमें व पडताळणाऱ्याचें नांव शाईनें लिहावें. जी डिस्क पांच वर्षांहून जुनी झाली असेल, तिची जागा त्याच दिवशीं नव्या डिस्कला द्यावी.